उन्हवऱ्याच्या कुंडावर पहिल्यांदा जाताना

दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला, गरम पाण्याच्या कुंडावर निघालात, चांगलं केलंत. पहाटे पोहोचा, गर्दी कमी असते. झऱ्याच्या उगमापाशी मात्र हात घालू नका. तिथलं पाणी 70 अंशांच्या आसपास असतं, कातडी भाजेल. आंघोळ कुंडातच, तीही आधी पाय बुडवून अंदाज घेऊन.

वास गंधकाचा, दोन मिनिटांत सवय होते. चांदीचे पैंजण, अंगठी घरी ठेवा, काळी पडतात. खाली ज्वालामुखी आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं.

दहा मिनिटं पुरे. आखडलेल्या सांध्यांना खरंच आराम वाटतो. खरजेवर गंधकाचं मलम पूर्वापार लावतात, त्यामुळे त्वचारोगाचे लोक इथे श्रद्धेने येतात. पण चालू औषध बंद करू नका, हे कळकळीने सांगतो. उघडी जखम, हृदयविकार, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. वर आल्यावर सावलीत बसा, साधं पाणी प्या. कुंडात साबण नको.