शेल्टरमधली मांजरीची पिल्लं पहिल्यांदाच फॉस्टर करायची आहेत, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायची आहेत, घरात लहान मुलं आणि सासूबाई आहेत, जमेल का?

जमेल की. टू बीएचके, मुलं पाच आणि नऊ वर्षांची, सासूबाई दिवसभर घरी असतात असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे घराला कायम कोणीतरी आहे, अर्धं काम तिथेच झालं. आम्ही डोंबिवलीत राहतो, नवरा आणि मी दोघंही नोकरीवाले, तरी आमच्याकडे गेली काही वर्षं पिल्लं येतात-जातात, चाललंय.

फक्त पहिल्या वेळी बाटलीवरचं पिल्लू घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. डोळे न उघडलेल्या पिल्लाचा फोटो येतो आणि आपण विरघळतो, पण त्या वयात दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा, आणि पाजून झालं की ओल्या कापसाने पुसून पुसून शू-शी करवून घ्यायची कारण पहिले तीनेक आठवडे ते त्यांना आपलं आपण होतच नाही. दूधही गाई-म्हशीचं नाही चालत, जुलाब लागतात, मांजराच्या पिल्लांची पावडर वेगळी मिळते. नोकरी आणि शाळेचे डबे सांभाळून ही जागरणं पहिल्याच फटक्यात नकोत. सात-आठ आठवड्यांची, आपलं आपण खाणारी पिल्लं मागा, आणि एक नको, दोन मागा. दोघं एकमेकांशी मारामाऱ्या करतात आणि तुमच्या मुलांचे हात वाचतात.

आणायच्या आधी शेल्टरशी बोलून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको, की डॉक्टरचं बिल कोण भरणार, रात्री अकराला पिल्लू मलूल पडलं तर फोन कोणाला करायचा, आणि घर नाही मिळालं तर कधी परत घेणार. हे विचारल्यावर कोणी गुळमुळीत बोलायला लागलं तर तिथून घेऊच नका. नीट काम करणारे लोक उलट तुमच्याकडेच आधार कार्ड आणि खिडक्यांचे व्हिडिओ मागतात, त्याचा राग मानू नका. खिडक्यांना कबुतरांची जाळी असेल तर खालचे कोपरे ओढून बघा, पिल्लू तिथूनच निसटतं.

आल्या आल्या सगळं घर मोकळं करून देऊ नका. एकच बेडरूम, दिवाणाखालच्या फटी उशा कोंबून बंद, एका कोपऱ्यात खाणं आणि लांबच्या कोपऱ्यात शीचा ट्रे. ट्रेमध्ये फाडलेला पेपर चालतो, ओलं झाल्यावर गोळा होणारी लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची वाळू, एवढ्यात नको, लहान पिल्लं ती खातात. फिनाईल मात्र कायमचं बाहेर, मांजरांना विषारी असतं ते. कोमट पाणी आणि साबण पुरे. पॅरासिटामॉलची गोळी खाली पडलेली राहू देऊ नका, मांजर मरतं तिने. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही परस्पर लावू नका.

आता सासूबाई. आमच्या माळकरी आहेत, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि मांजराला दूध-पोळीवर ठेवता येत नाही, त्याला मांसातलंच लागतं, मांसातलं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य मिळालं नाही तर हृदय आणि डोळे बिघडतात. आमच्याकडे तोडगा असा निघाला की कोरडं पाकिटातलं खाणं, ताटली आणि घासणी वेगळी, सगळं गॅलरीत. आई म्हणाल्या, "त्याच्या जातीचं ते खाणार, आपण कोण सांगणारे." प्रश्न आला तो वेगळाच, देवघरातल्या वाती! पिल्लांना लोंबतं काहीही दिसलं की तोंडात जातं. वात, शिवणाचा दोरा, राखी, सगळं डब्यात बंद करा, कारण दोरा आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशन. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू मात्र नका, डॉक्टरकडेच न्या.

मुलांना खेळायला नाही, कामाला लावा. आमची लेक रोज शाळेत जायच्या आधी पिल्लाला पातेल्यात बसवून किचनच्या डिजिटल काट्यावर तोलते आणि कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाखाली लिहिते, ४८०, ४९५, ५०५. दिवसाला साधारण दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवेत. दोन दिवस वजन हललं नाही किंवा उतरलं की खेळत असलं तरी डॉक्टर. एवढं साधं काम पण आजार सगळ्यात आधी तिथेच कळतो.

मुलांना नायटा होऊ शकतो, पिल्लाच्या कानाशी केस गेलेला गोल चट्टा दिसला की वेगळं ठेवा. ओरखडा किंवा चावा झाला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे रेबीजची लस मोफत असते, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पिल्लू एवढुसं आहे म्हणून सोडून देऊ नका. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे तिने साफ करायचा नाही. आणि आधीची पिल्लं गॅस्ट्रोसारखं काही होऊन गेली असतील तर त्या खोलीत लस न झालेलं पिल्लू कित्येक महिने आणू नका, तो पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा, व्हायरस असेल तर घरात खूप काळ टिकतो आणि फिनाईलने मरतही नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी कुरकुर करेल. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची गाइडलाइन आहे, मुख्यतः कुत्र्यांबद्दलची, तीत सोसायटीला ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं आहे. प्रिंट काढून ठेवा, पण आधी गोडीत बोला, जिन्यात घाण होणार नाही एवढं ऐकलं की बहुतेक जण गप्प होतात.

परत देताना मुलं रडणार. पहिल्या दिवसापासून "ही आपली नाहीत, यांचं घर शोधतोय" असंच बोला आणि घर शोधायच्या कामातही मुलांना घ्या. फोटो काढू दे, बघायला येणाऱ्यांना प्रश्न विचारू दे. आमचा धाकटा प्रत्येकाला विचारतो तुमच्या खिडकीला जाळी आहे का, भलेभले चाचपडतात! काळ्या पिल्लाला घर मिळायला मात्र उशीर लागतो आपल्याकडे, आडवं जाण्याचं खूळ अजून गेलेलं नाही.

मे महिन्यात गावाला जाणार असाल तर तारखा शेल्टरला आत्ताच सांगून टाका, आणि दिवाळीच्या आठवड्यात पहिली पिल्लं आणू नका, फटाक्यांनी कपाटामागे जाऊन बसतात आणि खातच नाहीत. डोंबिवली-कल्याण साइडला असाल तर कमेंटमध्ये सांगा, पिल्लं न्यायचा एक जास्तीचा कॅरिअर आणि दोन ट्रे पडून आहेत, घेऊन जा.