क्लिअर अलाइनर लावून काय खाता-पिता येतं? चहा-कॉफीसाठीही दर वेळी काढायचे का?

क्लिअर अलाइनर म्हणजे दात सरकवून सरळ करायला दातांवर चढवायचे, एकामागून एक बदलत जायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे ट्रे. ते तोंडात असताना फक्त साधं पाणी चालतं, तेही गरम नको. बाकी काहीही घ्यायचं असेल तर ते काढायचे, आणि हो, चहा-कॉफीसाठीसुद्धा. एकदा काढले की जवळपास सगळं खाता येतं. तारांच्या ब्रेसेसमध्ये असते तशी वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी इथे नाही. त्यामुळे जेवणाचा फारसा प्रश्न येत नाही. घोळ होतो तो पिण्यात.

आधी वेळेचा हिशेब मांडा. बहुतेक डॉक्टर दिवसातले 22 तास अलाइनर लावायला सांगतात. उरलेल्या दोन तासांत खाणं, पिणं, ब्रश, फ्लॉस (दातांच्या फटींत दोरा फिरवणं) सगळं बसवायचं. तीन वेळचं खाणं आणि त्यानंतरचं ब्रश प्रत्येकी अर्ध्या तासात उरकलं तरी दीड तास गेला. राहिलेल्या अर्ध्या तासात पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन कॉफ्या बसतात, त्याहून जास्त नाही. कप समोर ठेवून तासभर घोट घोट पिण्याची सवय असेल तर ती सोडावीच लागेल. तास कमी पडत गेले की दात ठरलेल्या जागी पोचत नाहीत आणि पुढचा ट्रे पूर्ण बसत नाही. आरशात पाहिलं तर दाताची कड आणि प्लॅस्टिक यांच्यात एक पोकळ फट दिसते. ती काही दिवस टिकून राहिली तर पुढच्या ट्रेवर जाऊ नका, डॉक्टरांना कळवा.

‘फक्त एक घोट’ घ्यायलाही मी नको म्हणतो, त्याची कारणं अशी. गरम पेयानं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि त्याचा आकार किंचित बदलतो. पण एक ट्रे दात सरकवतो तोच मुळी साधारण पाव मिलिमीटर, तेव्हा किंचित बदलही महागात पडतो. गोड पेयाचं नुकसान वेगळं. एरवी लाळ साखर आणि आम्ल धुऊन टाकते. अलाइनरखाली लाळ खेळती राहत नाही, त्यामुळे आत शिरलेला गोड थेंब दाताला चिकटून बसतो. जंतू त्या साखरेचं आम्ल करतात, आणि पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या कठीण वरच्या थरातली खनिजं विरघळू लागतात. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसू लागले तर कीड सुरू होते आहे असं समजा. साखर नसलेला सोडा आणि लिंबूपाणी यांनाही सूट नाही, कारण त्यांत आम्ल असतंच. दुधातही साखर असते. स्ट्रॉनं प्यायलं तर समोरच्या दातांवर डाग थोडे कमी पडतात, पण द्रव आत झिरपतोच. अलाइनर लावलेले असताना च्युइंगम तर चघळूच नका, चिकटून बसतं.

काढायची रीत: हात धुवा, मागच्या दाढेपाशी आतल्या बाजूनं नख किंवा बोटाचं टोक कडेखाली घालून सैल करा, मग दुसऱ्या बाजूची दाढ, आणि शेवटी पुढे ओढा. एकाच बाजूनं ओढून काढलं की ट्रेला तडा जातो. अलाइनरला अडकवलेले रबरबँड असतील तर ते आधी काढा. काढलेले ट्रे थेट डबीत टाका. टिशूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेले ट्रे उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातात. ते हरवण्याचा हाच सर्वात नेहमीचा मार्ग.

खाताना जपायचं ते दातांवर चिकटवलेल्या अटॅचमेंटना, म्हणजे त्या दातांच्याच रंगाच्या छोट्या उंचवट्यांना. कडक सुकामेवा, बर्फ, चिकट टॉफी यांनी ते निघतात. सफरचंद पुढच्या दातांनी तोडण्यापेक्षा फोडी करून दाढांनी खा. हळद, कॉफी आणि रेड वाइन यांचे डाग अटॅचमेंटवर बसतात. नवा ट्रे लावल्यावर पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात, तेव्हा मऊ खाणं बरं. ट्रे रात्री झोपताना बदलला तर त्यातला बराच त्रास झोपेत निघून जातो.

प्रत्येक वेळी ब्रश करायचं का? साधं खाणं असेल तर हो, शक्य असेल तिथे ब्रश आणि दिवसातून एकदा फ्लॉस. आंबट काही खाल्लं-प्यायलं असेल तर मात्र लगेच ब्रश फिरवू नका. मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं, म्हणून अर्धा तास थांबा. पण तो अर्धा तास अलाइनर बाहेर ठेवला तर हिशेब कोलमडतो. त्यावर माझा तोडगा: पाण्यानं दोन-तीनदा जोरात चूळ भरा, ट्रे गार पाण्याखाली धुवा, लावा आणि ब्रश नंतर करा. बाहेर असताना ब्रश जवळ नसेल तेव्हाही हेच चालतं, फक्त ती रोजची सवय होऊ देऊ नका. ट्रे गरम पाण्यानं धुऊ नका, आणि टूथपेस्टनंही घासू नका. पेस्टनं बारीक चरे पडतात, त्यांत घाण साचते आणि मग वास येतो. मऊ ब्रश आणि गार पाणी पुरतं.

परत लावताना आधी पुढच्या दातांवर बसवा, मग बोटांनी मागे दाबत न्या. दातांनी चावून बसवायला जाल तर एखादी अटॅचमेंट निघेल किंवा ट्रेला तडा जाईल. बोटांनी पूर्ण बसवून झाल्यावर च्युई (ट्रे घट्ट बसावा म्हणून चावायची छोटी मऊ नळी) मिळाली असेल तर ती दोन्ही बाजूंना आणि समोर मिळून पाच-दहा मिनिटं चावा. अटॅचमेंट निघाली किंवा ट्रे हरवला तर स्वतःहून पुढचा ट्रे चढवू नका. ट्रे हरवला असेल तर डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत, आधीचा ट्रे हाताशी असेल तर तो लावा, म्हणजे दात मागे फिरणार नाहीत. म्हणूनच वापरून झालेला मागचा एक जोड फेकायचा नसतो.