विरोधक घरचाच असेल तर?

प्रस्थापितांना अंगावर घेणाऱ्या नेत्यांत एवढं धाडस येतं कुठून आणि मार खाऊनही ते टिकतात कसे, असं तुम्ही विचारलंय. मी कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी भागातला, म्हणून आमच्याकडचंच सांगतो.

निपाणी म्हटलं की लोकांना १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं. शेतकरी नेते शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या हाकेवर शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडलं. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. त्या धाडसाला कोण कमी म्हणेल? पण तिथं समोर कोण आहे ते दिसत होतं: भाव पाडणारा व्यापारी, त्याच्या मागं सरकार. आणि शेजारी हजारो माणसं बसलेली. भीती वाटली तरी ती वाटून घेता येत होती.

मला त्याहून अवघड वाटतं ते सीतव्वा जोडट्टी यांचं देवदासी प्रथेविरुद्धचं काम. चिकोडी तालुक्यातल्या या बाईंना सातव्या वर्षी देवीला सोडलं, म्हणजे देवदासी केलं होतं. आता सांगा, लढायचं कुणाशी? सौंदत्तीच्या यल्लम्माशी, जिच्या नावानं आमच्याकडं घरोघरी परडी भरतात? की पोटच्या पोरीला सोडणाऱ्या आईबापाशी? केसांत जट आली, मुलगा होईना, की सोडा पोरगी. पुढं तिच्याच कमाईवर घर चालायचं. १९८२ साली कर्नाटकात देवदासी प्रतिबंधक कायदा आला, त्यात आईबापांना इतरांपेक्षा जास्त शिक्षाही होती. पण तक्रार द्यायची म्हणजे आईला तुरुंगात धाडायचं. कोण देईल?

बाहेरून आलेला सुधारक भाषण करून संध्याकाळी आपल्या घरी जातो. सीतव्वांसारख्या बाया त्याच गल्लीत राहणार, त्याच नळावर पाणी भरणार.

टिकल्या कशा, तर एकट्या राहिल्या नाहीत म्हणून, असं माझं मत. घटप्रभेत १९९७ साली 'मास' ही संस्था उभी राहिली, ती माजी देवदासीच चालवतात, सीतव्वा त्यांतल्याच एक. बचत गट केले. हातात चार पैसे आले की बाई घरच्यांसमोर 'माझी पोरगी सोडणार नाही' म्हणू शकते. नुसत्या प्रबोधनानं हे झालं नसतं.

२०१८ मध्ये सीतव्वांना पद्मश्री मिळाली. तरी आमच्याकडं नेता कोण विचारलं तर हे नाव क्वचितच कुणी घेईल. सीमाप्रश्नाचा मोर्चा नाहीतर साखर कारखान्याची निवडणूक, आमची यादी तिथंच संपते.