लॉकडाउनच्या निर्बंधांमुळे तुमच्या घरातलं शिक्षण, खाणं, प्रवास यांत नेमकं काय बदललं?

आधी शिक्षणाचं सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून वाद होतो. माझे मोठे दीर आजही म्हणतात, "दोन वर्षं मुलं घरी राहिली तर काय बिघडलं? पास झालीच ना?" झाली की. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या सगळ्यांनाच सरकारने परीक्षेशिवाय वर ढकललं. त्याला शिकणं म्हणत नाहीत.

माझी मुलगी जून २०२० मध्ये पहिलीत गेली, तीही कागदावर. आम्ही मुंबईत राहतो. इथे पहिली-दुसरीचे वर्ग उघडले १५ डिसेंबर २०२१ ला, तोवर ती दुसरीत होती. जानेवारीत परत बंद, २४ तारखेला परत सुरू.

घरात स्मार्टफोन एकच. नवरा वीजदुरुस्तीच्या कामावर, अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे तो आणि फोन सकाळीच घराबाहेर. बाईंनी ग्रुपवर टाकलेले व्हिडिओ रात्री त्याची आंघोळ-जेवण उरकल्यावर बघायचे. सहा वर्षांचं पोर साडेनऊला 'क'ला काना 'का' गिरवतंय आणि मध्येच पेंगतंय. मी हात धरून गिरवून घेतलं, अक्षरं आलीही. पण शाळा सुरू झाल्यावर बाईंनी बोलावून तिची वही दाखवली. फळ्यावरचं काहीच उतरवलेलं नव्हतं. पुस्तक समोर धरलं की ती वाचायची. पण लांब फळ्यावर बघायचं, शब्द डोक्यात धरायचा, मान खाली घालून लिहायचा, परत वर बघून तीच ओळ शोधायची, हे तिला जमेचना. फोनच्या पडद्यावर ते येतच नाही, वर्गात बसूनच येतं. दिरांच्या मुलांना प्रत्येकी लॅपटॉप, वेगळी खोली, आणि मोठा तर तेव्हा नववीत. त्याच्या मापाने माझी मुलगी मोजू नका, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

खाण्याचं म्हणाल, तर शाळेतली खिचडी थांबली, त्याऐवजी तांदूळ आणि कडधान्य घरी मिळालं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट होतं. पोट भरलं, पण भाजी, दूध, फळं कमी झाली.

प्रवासाचं जास्त लागलं. माझं माहेर कर्जतला. लोकल मार्च २०२० मध्ये थांबल्या. २१ ऑक्टोबरपासून बायकांना ठरावीक वेळेत सोडायला लागले, पण सोबत मूल नको. मग मुलीला कोणाकडे ठेवून आईला भेटायला जायचं? नाहीच गेले.

निर्बंध लावायलाच नको होते असं मी म्हणत नाही. आमच्या इमारतीतली माणसं गेली, ती भीती मी पाहिली आहे. पण हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला अर्ध्या क्षमतेने उघडले आणि पहिलीच्या पोरांनी त्यानंतर वर्षभराहून जास्त वाट पाहिली, हा क्रम मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

तुमच्या घरात त्या वयाचं मूल असेल तर मार्कांवर जाऊ नका. भिंतीला फळा लावा, मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवा आणि रोज चार ओळी उतरवून घ्या. आमच्याकडे याचाच उपयोग झाला, वेळ मात्र बराच गेला. आणि "पास झालीच ना" म्हणणारं कोणी घरात असेल, तर ती वही आधी त्यांच्या हातात द्या.