भिंतीवर वारली, पण चित्रकार कोण?

प्रश्न : ताई, आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत यंदा गणपतीत ‘आदिवासी थीम’ ठरली आहे. मुलांना काळा रंग फासून, पानं गुंडाळून नाचवायचं आणि कंपाउंडच्या भिंतीवर नेटवरून उतरवलेली वारली चित्रं. हरकत घेतली तर ‘एवढं काय मनाला लावून घेता?’ म्हणाले. माझं चुकतंय का?

उत्तर : मुळीच नाही. तो काळा रंग आणि झिंगालाला ही सिनेमावाल्यांची देणगी. डहाणू-तलासरीत पानं गुंडाळून कोण फिरतं, असं कमिटीला खुशाल विचारा. तिथल्या पोरांनाही गणिताचा पेपर अवघडच जातो हो!

भिंत मात्र रद्द करू नका. वारली लग्नात भिंतीवरचा पवित्र चौक सुवासिनी तांदळाच्या पिठानं काढतात, मधोमध पालघट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. तो चौक चपलांच्या रॅकशेजारी नको. शेती, मासेमारी, तारपा नाच हवा तेवढा काढा. काढा म्हणजे वारली चित्रकाराकडून काढून घ्या. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. पालघर जिल्ह्यात हात बसलेली मंडळी भरपूर आहेत. डेकोरेटरला देता तसे निम्मे पैसे आगाऊ द्या, घासाघीस नको, गाडीभाडं वेगळं. कोपऱ्यात त्यांचं नाव ठळक लिहू द्या. आणि आरतीनंतर जेवायला आपल्या पंगतीतच बसवा, वॉचमनच्या केबिनमध्ये डबा पाठवू नका.