अमेरिकेत व्हिसावर असलेल्या माझ्या भावावर फेडरल गुन्हा दाखल झाला आहे. खासगी वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल का?

होय, मिळेल, आणि त्यासाठी तो अमेरिकेचा नागरिक असण्याची अट नाही. राज्यघटनेची सहावी दुरुस्ती वकिलाचा हक्क प्रत्येक आरोपीला देते, आणि १९६४ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार, पहिल्या हजेरीच्या वेळी मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांसमोर उत्पन्न, मालमत्ता व कर्जाचे शपथपूर्वक विवरण दिल्यावर, न्यायालय फेडरल पब्लिक डिफेंडर (सरकारी पगारावरील बचाव वकील) किंवा मान्यताप्राप्त यादीतील खासगी वकील नेमते. विवरणात काहीही लपवू नये, कारण खोटी माहिती हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. असा वकील दुय्यम दर्जाचा असतो, हा आपल्याकडचा समज कृपया सोडावा. हे वकील प्रामुख्याने फेडरल खटलेच लढवतात. वकील भेटेपर्यंत भावाने तपास अधिकाऱ्यांना ‘मला वकील हवा आहे’ एवढेच स्पष्ट सांगावे, आणि कोठडीतून फोनवर प्रकरणाविषयी बोलू नये, कारण ते संभाषण सहसा ध्वनिमुद्रित होते. गुन्हा कबूल केल्यास हद्दपारीचा धोका आहे का, हे सांगणे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘पडिया विरुद्ध केंटकी’ निकालानुसार वकिलाचे कर्तव्य आहे. मात्र हद्दपारीची कार्यवाही दिवाणी स्वरूपाची असल्यामुळे तिथे सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हा हक्क लागू होत नाही; त्यासाठी इमिग्रेशन वकील सहसा स्वतःच्या खर्चाने नेमावा लागतो.