बोट गणपतीला नको, मार्गशीर्षात उतरवा

पत्र : ताई, नमस्कार. राहतो देवगडला, वय ५८. बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं १/३५० प्रमाणातलं मॉडेल सहा वर्षं बांधतोय. रेलिंग, दोन्ही डोलकाठ्या, दोऱ्या आणि चार विमानं बाकी आहेत. गेल्या आठवड्यात मधल्या बांधकामावर स्प्रे कॅनने मॅट वार्निश मारलं आणि सगळं पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं झालं. त्यात परवा कळलं, की हूड या ब्रिटिश युद्धनौकेशी लढाई झाली तेव्हा बोटीच्या बाजूंवर काळे-पांढरे पट्टे नव्हतेच. ते रंगवायला मी दोन महिने घालवले. गणपतीला मुलगी मुंबईहून येते, तोवर पुरी करीन असं घरात सांगून बसलोय. बायको रोज विचारते, "तुमची बोट पाण्यात उतरतली कधी?" हल्ली हात लावला की काहीतरी मोडतं. त्या खोलीत जायलाच नको वाटतं. द्यावी का टाकून?

उत्तर : टाकू नका. आणि आधी तो स्प्रे कॅन कपाटात ठेवून कुलूप लावा.

पांढरं पडलं त्यात तुमच्या हाताचा दोष नाही, दिवसाचा आहे. वार्निशातलं द्रावक भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग थंड पडतो आणि पावसाळी हवेतली वाफ त्यावर धरते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तोच प्रकार. ती वाफ वार्निशात अडकली की भुरी येते. कॅन पुरेसा हलवला नसेल तर मॅट करणारी भुकटीही एकाच जागी उतरते, पण आषाढात देवगडला पहिला संशय हवेवरच घ्यावा.

थिनर लावून पुसायला जाऊ नका, खालचा रंगही उठेल. आधी परीक्षा करा. बारीक ब्रश साध्या पाण्यात बुडवून पांढऱ्या भागावर फिरवा. ओलं असेपर्यंत पांढरेपणा नाहीसा होत असेल तर रंग शाबूत आहे, वरचा थर फक्त खडबडीत झालाय. तिथे पाण्यात विरघळणारं ग्लॉस अॅक्रिलिक वार्निश ब्रशने लावा. दोन पातळ हात, मध्ये पुरे दोन दिवस जाऊ द्या, कारण या हवेत ते सावकाश सुकतं. बोट काही महिने चकचकीत दिसेल, दिसू दे. ती चमक घालवायचा मॅटचा हात दिवाळीनंतर. डेकवर लाकडी पापुद्र्याचं स्टिकर लावलं असेल तर वार्निश त्यावर जाऊ देऊ नका, डाग राहतो. पावसात लाकूड फुगून त्याच्या कडा उचलल्या असतील, तर टूथपिकने न पातळ केलेला फेविकॉल अगदी पुसट लावा आणि मास्किंग टेपने रात्रभर दाबून ठेवा.

आता पट्टे. तुम्हाला कळलं ते खरं आहे. २१ मे १९४१ ला नॉर्वेत बर्गनजवळच्या ग्रिमस्टाडफ्योर्डमध्ये बोट थांबली होती, तेव्हा पट्ट्यांवर करडा रंग फासला गेला. हूड बुडाली २४ मेला. पण पट्टे झाकले त्याच्या आदल्याच दिवशी, २० मेला, स्वीडनच्या गोटलांड या क्रूझरने बिस्मार्कला डेन्मार्क-स्वीडनमधल्या कॅटेगॅट समुद्रात पाहिलं, तेव्हा ते पट्टे अंगावर होते. म्हणजे तुमची बोट चुकलेली नाही, ती चार दिवस आधीची आहे. बोट रंगवू नका, पाटी बदला : 'कॅटेगॅट, २० मे १९४१'. दोन महिन्यांचं काम एका ओळीत वाचलं.

सहा वर्षं लागली, त्याचं एक कारण तुमच्या पत्रात दिसतं. झालेलं काम तुम्ही पुन्हा उघडता. सहाव्या वर्षीच्या हाताला पहिल्या वर्षीचं काम कच्चं वाटणारच. त्याला अंत नाही. बोट हातभर अंतरावर ठेवून बघा. तिथून जी चूक दिसत नाही ती चूक नाही, असं ठरवून टाका.

उरलेलं कामही थोडं कमी होतं. चार आराडो विमानं कशाला? बिस्मार्कवर ती हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या बंद खोलीत, ठेवत. चिमणीच्या दोन्ही बाजूंना एकेक हँगर आणि मागच्या डोलकाठीच्या पायथ्याशी जोडहँगर. तिन्हींचे दरवाजे बंद चिकटवा आणि एकच विमान मधल्या आडव्या कॅटापुल्टवर, म्हणजे विमान उडवायच्या पट्टीवर, बसवा. तीन विमानं गेली.

रेलिंग मात्र जाणार नाही, आणि हेच पावसाळ्याचं काम आहे. खरी बोट २५१ मीटर, तुमची सुमारे ७१७ मिलिमीटर. दोन्ही कडा मिळून जवळजवळ दीड मीटर रेलिंग, उंची जेमतेम ३ मिलिमीटर. एवढी लांब पट्टी एका दमात बसवायला गेलं की ती नागमोडी होते आणि शेवटी गाठ पडत नाही. डेकच्या कडेला मास्किंग टेप लावून जिथे रेलिंग तुटतं, वळतं, तिथे पेन्सिलीने खुणा करा. टेप सोलून लादीच्या तुकड्यावर चिकटवा आणि त्या मापाने ७-८ सेंटिमीटरचे तुकडे कापा. सांधा तोफेच्या बुरुजाआड किंवा होडीच्या क्रेनपाशी येईल असं बघा. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, गोलाई द्यायला तुकडा माऊसपॅडवर ठेवून वरून पेन्सिल लाटण्यासारखी फिरवा. चिमट्याने वाकवलं तर दर खांबापाशी कोन पडतो.

रेलिंगच्या पितळेला हाताच्या बोटांचं तेल लागलं की आपल्या खाऱ्या हवेत रंगाखाली कळंक धरतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. म्हणून वाकवून झालेले तुकडे आमसुलाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा. समई घासतात तसं घासू मात्र नका. मग साबणाच्या पाण्यातून काढून हेअर ड्रायरने सुकवा, आणि पुढे हात लावायचा नाही, चिमटाच. आइस्क्रीमच्या काड्यांवर दुहेरी टेप लावून क्रमाने चिकटवा, काडीवर नंबर घाला. प्राइमर आणि रंग सगळ्यांना एकाच दिवशी, दिवाळीनंतर.

तो दिवसही निवडून घ्या. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणा. काटा ६० च्या खाली असेल तरच फवारा. थंडीत सकाळी दव असतं आणि दुपारी खारं वारं सुटतं. दोन्हींच्या मधले दहा ते एक हे तास तुमचे. कंप्रेसर असेल तर टाकीतलं पाणी दर वेळी सोडा, नाहीतर एअरब्रशमधून रंगाबरोबर थेंब येतात. आधी बोटीवर मॅटचा हात, मग रेलिंग. आतल्या मजल्यांचं आधी, मुख्य डेकचं शेवटी, म्हणजे हात अडकत नाही. घट्ट सुपरग्लूचा थेंब फॉइलवर घ्या, सुईच्या टोकाने पहिल्या खांबाला लावा, पट्टी सरळ करा, मग मधला खांब, मग शेवटचा. नळीतून थेट लावाल तर डेकवर पांढरी साय धरेल.

डोलकाठ्या किटमधल्या प्लॅस्टिकच्या असतील तर खालचा जाड भाग ठेवा आणि वरचा ०.५ मिलिमीटरच्या पितळी तारेचा करा. ताणलेल्या दोऱ्याने प्लॅस्टिक हळूहळू वाकतं. दोरा नायलॉनचा नको. नायलॉन दमट हवेत पाणी ओढून लांबतं, आणि नोव्हेंबरात ताठ बांधलेलं जूनमध्ये लोंबतं. बारीक लायक्राचा दोरा घ्या. १/३५० वर ०.१ मिलिमीटरचा दोराही खऱ्या बोटीवर ३५ मिलिमीटरचा दोर ठरतो, तेव्हा मिळेल तितका बारीक. नाहीतर स्प्रूची, म्हणजे किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिची, काडी मेणबत्तीवर फिरवत मऊ करा, ज्योतीतून बाहेर काढा आणि मग ओढा. असा धागा बसवल्यावर सैल वाटला तर पेटती उदबत्ती जवळ न्या, न टेकवता. तो आपोआप ताणून येतो. बांधताना मधून बाहेरच्या दिशेने या.

हात लावला की मोडतं, कारण तुम्ही बोट हातात घेता. ती तिच्या स्टँडसकट एका फळीवर घट्ट बसवा आणि यापुढे फळीच उचला.

घरातलं राहिलं. मखर आणि माटवीची तयारी सुरू झाली की तुमचं टेबल घरच्यांना लागणार. बायकोचा प्रश्न बोटीबद्दल असेल, टेबलाबद्दलही असेल. श्रावण संपायच्या आत फळीसकट बोट खोक्यात घालून कपाटावर ठेवा. माळ्यावर नको, तिथे उंदीर आणि ओल. काड्यांवरचं रेलिंग चपट्या डब्यात घाला, सिलिका जेलची पुडी टाकून. टेबल रिकामं करून द्या आणि स्वतःच सांगा, "मार्गशीर्षात उतरतली." मुलीला अर्धी बोट दाखवायला लाजू नका. नंबर घातलेल्या काड्या आणि बंद हँगर तिला पुऱ्या बोटीपेक्षा जास्त वेळ बघत बसवतील.

बोट ठेवायच्या शोकेसचं माप आत्ताच देऊन ठेवा. आतून ८० बाय २० सेंटिमीटर. उंची मात्र ड्रॉइंगवरून पुढच्या डोलकाठीच्या टोकापर्यंत मोजून वर ४ सेंटिमीटर धरा, कारण काठी अजून बोटीवर नाही आणि आज नुसत्या बोटीवरून माप दिलंत तर झाकण बसायचं नाही.